पोराच्या कमरेची घंटा

तर चिमाने वासराच्या गळ्यातली घंटा सोडली आणि पोराच्या कमरेला बांधली, इथवर काल आलो होतो. तुम्ही हसलात आणि उठून गेलात. पुढचं ऐकलं असतंत तर हसू ओठांतच राहिलं असतं.

चिमा म्हणजे आमच्या शेजारच्या धाकूची बायको. धाकू आगबोटीवर कोळसा ओढायला. त्याला शिमग्याची सुट्टी नाही, गणपतीची नाही. पोर झालं, रांगलं, धावायला लागलं, तरी बापाने त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. मग एकदा निरोप आला, की बोट रत्नागिरीच्या बंदराबाहेर थांबेल, उतारूंच्या होडीतून घटकाभर किनाऱ्यावर येईन, बाबल्याला घेऊन ये. साल सत्तावीस असेल नाहीतर अठ्ठावीस. मी नारळ घेऊन शहरात जाणारच होतो, म्हटलं चल माझ्या गाडीतून.

आता बाबल्या म्हणजे वारा प्यालेलं वासरूच. दारात आहे म्हणावं तर पोफळीखाली, पोफळीखाली म्हणावं तर विहिरीच्या काठावर. चिमाचं आधीचं मूल तापात गेलेलं, त्यामुळे ती सदा त्याच्या मागे. त्यात वाडीतल्या भिकाजीने भर घातली. तो मुंबई पाहून आलेला, म्हणून त्याचं बोलणं खरं. म्हणाला, कुठेतरी खाडीवर पूल होतोय, पायात पोर पुरल्याशिवाय खांब उभा राहत नाही, आणि पोरं धरणारा खांद्यावर पोतं टाकून शहरात फिरतोय. झालं. चिमाला भाकरी गोड लागेना. शेजारची सखू म्हणाली, दावं बांध. बांधून पाहिलं, तर पोराने रडून वाडी डोक्यावर घेतली. शेवटी ही घंटा. वाजतेय तोवर पोर आहे, थांबली की धावायचं. वाडीत हा बेत इतका नामी ठरला, की ज्याने त्याने तो आपलाच म्हणून सांगावा.

गाडीतळावर पोचलो, मी बैल सोडले. चिमा भाकरीचं फडकं काढायला वळली, परत वळते तर पोर नाही. घंटा मात्र वाजतेय. पुढे वाजतेय, मागे वाजतेय, उन्हात वाजतेय, गाड्यांखाली वाजतेय. सगळ्या तळावर बैलच बैल, आणि ज्याच्या त्याच्या गळ्यात घंटा. आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

चिमा एका घंटेमागे धावली, तिथे बैल. दुसरीमागे धावली, तिथेही बैल. मी चाकांखाली वाकून पाहत होतो. धाकूला काय तोंड दाखवणार? एवढ्यात खांद्यावर पोतं टाकलेला एक माणूस समोरून आला. चिमाने त्याच्यावर झडपच घातली. पोतं फाटलं आणि सुके बांगडे रस्ताभर झाले.

तो राजिवड्याचा इद्रीस, मासे विकणारा. चार शिव्या हासडायचा त्याला हक्क होता, पण बाईचं तोंड पाहून त्याने काय झालं ते विचारलं. ती नुसती घंटा, घंटा म्हणत होती. बाकीचं मी सांगितलं. त्यासरशी तो गाडीवर चढला आणि तळभर ऐकू जाईल असा ओरडला, “आपापल्या बैलाची घंटा मुठीत धरा रे!”

कुणी म्हणालं, घंटा गप्प करायला इथे लग्न लागतंय काय? पण धरल्या. हळूहळू आवाज विझत गेला आणि सगळं थांबलं.

ती शांतता आठवली की मला अजून घाम फुटतो. कारण कुठूनही टिंग नाही की टांग नाही. वाजायची थांबली की धावायचं, हे ठरलेलं, पण धावायचं कुठे? बंदराकडून बोटीचा भोंगा ऐकू आला आणि चिमा होती तिथे मातीत बसली.

इद्रीस गाडीवर उभा होता म्हणून त्याला दिसलं. त्याने नुसतं बोट दाखवलं. पलीकडच्या कडेला एक म्हातारा गाडीवान बैलाची घंटा मुठीत धरून उभा. त्याच्या पायाशी गवताच्या भाऱ्यावर बाबल्या बसलेला. म्हाताऱ्याकडे मान वर करून बघतोय, गाल फुगवून श्वास धरलाय, आणि आपली घंटा दोन्ही मुठींत घट्ट.

चिमाने त्याला मारलं नाही की कुरवाळलं नाही. मुठी सोडवल्या आणि ती घंटा आपल्या हाताने वाजवत राहिली. बंदरापर्यंत वाजवतच आली.

धाकू होडीतून उतरला, अंगावर कोळसा तसाच. पोर आईच्या लुगड्यामागे दडलं. बाप लेकाला पाहायला वाकला. त्याची नजर घंटेवर गेली. “काय गो,” तो हसत म्हणाला, “माझ्या पोराचा ढोर केलास?”

चिमाने पदराने तोंड पुसलं आणि ती म्हणाली,

“ढोर बरा. सांजचा आपल्या पायानं गोठ्यात तरी येतो. तुमच्या घरातला पुरुष उंबऱ्याभायेर पडला, की त्याला घंटाच बांधायला होवी. तुमच्यासाठी एक आणायची तेवढी राहिली.”