कोंडीरामांचे तीन बनियन

लालबागच्या चाळीतले कोंडीराम पहाटे पाचला सायकल काढत, तेव्हा अंगात एकावर एक तीन सुती बनियन, वर सदरा, त्यावर स्वेटर आणि डोक्याला माकडटोपी असे. नळावरची नलू हटकून विचारी, "काय हो काका, काश्मीरला पेपर टाकता काय?" ते नुसते हसत.

यंदाचा जानेवारी मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दिवाळीनंतर त्यांना न्यूमोनिया होऊन गेला होता. पुन्हा छाती भरली तर सायकल कायमची बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सायकल बंद म्हणजे पेपरची लाइन बंद. गिरणी गेल्यावर त्या लाइनीनेच त्यांना उभं केलं होतं.

थंडी पडली आणि तिसऱ्या दिवशी खोकला परत आला. पेपर टाकून ते परतले तेव्हा सून दीपिकाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बनियन ओलेचिंब.

"बाबा, पुलाच्या चढावर तुम्हाला घाम येतो. सुती कापड तो धरून ठेवतं, आणि उतारावर त्या ओल्यालाच वारा लागतो." तिने मुलाचा खेळाचा जुना टी-शर्ट पुढे केला. "हा आतून घाला, लगेच वाळतो. वर सदरा, आणि छातीवर पेपर घालून स्वेटर. वारा आत शिरणार नाही."

"गिऱ्हाइकाचा पेपर?"

"कालचा हो! रद्दीतला."

कोंडीरामांनी टी-शर्ट चिमटीत धरला. "पॉलिस्टर. तेवीस वर्षं सुती कापड तपासलंय गो मी. ह्यानंच आमची गिरणी खाल्ली. अंगाला लावायचा नाय."

"गिरणी गेली, बाबा. तुम्ही तरी राहा."

त्यांनी टी-शर्ट दोरीवर टाकला आणि रात्री भिंतीकडे तोंड करून निजले.

सकाळी दीपिका उठली तेव्हा टी-शर्ट दोरीवर नव्हता. साडेसातला कोंडीराम परतले. तिने न विचारता पाठ चाचपली. कोरडी होती.

टी-शर्ट काढून ते खिडकीशी गेले. कापड उजेडात धरून, गिरणीत धरत तसंच, अंगठ्याने वरपासून खालपर्यंत चाचपत राहिले. बराच वेळ.

"खोट नाय ह्यात कुठं," ते म्हणाले.

मग तिन्ही बनियनांच्या काटेकोर घड्या घालून त्यांनी त्या ट्रंकेत ठेवल्या, आणि टी-शर्ट धुवायला स्वतःच मोरीत बसले.