एका डब्यातल्या गोळ्या

पालीची शिवकन्या धरणाच्या रस्त्यावर सीताफळं विकते. तिला आणि तिच्या नवऱ्याला, आसारामला, दोघांनाही एड्स. नेहमीच्या गोळ्या चालू होत्या, पण अंगात ताकद धरेना. आमच्या दवाखान्यात प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या नव्या औषधाची चाचणी निघाली, तेव्हा मीच त्यांची नावं घातली. मी तिथली समुपदेशक. समजावून सांगणं आपल्याला छान जमतं, असा माझा समज होता.

"निम्म्या लोकांना खरं औषध, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या रिकाम्या गोळ्या," मी सांगितलं. "कुणाला काय, हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही." दोघांनी माना डोलावल्या, सह्या केल्या आणि आपापल्या नंबरचे डबे नेले.

तीन महिन्यांनी दोघांच्याही रक्तातल्या पेशी वाढलेल्या. डॉक्टर खूश! उरलेल्या गोळ्या मोजायला मागितल्या, तर शिवकन्यानं पिशवीतून एकच स्टीलचा डबा काढला.

"दोन्ही एकत्र ओतल्या?" मी ओरडलेच.

"निम्म्याला खरं, निम्म्याला खोटं, तुमीच म्हनलात. आमी दोघं. म्हंजी एकाचंच खरं. एका घरात एकानं जेवायचं आन् एकानं बघत बसायचं व्हय?"

मी खूप चिडले. नियमाप्रमाणे दोघांची नावं चाचणीतून कापली. नेहमीच्या गोळ्या तेवढ्या राहिल्या.

दारापर्यंत गेलेली शिवकन्या एकटीच परत आली. "म्याडम, खरा डबा कुनाचा व्हता ते कळलं, तरी आमाला सांगू नका. मंग एकाला जन्मभर वाटंल, मी दुसऱ्याच्या वाटचं खाल्लं."

मी शब्द दिला.

वर्षानं चाचणी संपली, कुणाला कोणत्या गोळ्या होत्या ते लिहिलेली बंद पाकिटं उघडली. दोघांचेही डबे रिकाम्या गोळ्यांचे होते. मग पेशी कशानं वाढल्या? डॉक्टर म्हणाले, नेहमीच्या गोळ्या वेळेवर घेतल्या असतील. असतीलही. माझं डोकं मात्र चालेनासं झालं.

परवा पालीला थांबले. आसाराम पलीकडे टोपल्या उतरवत होता. शिवकन्यानं दोन फळं जास्तीची घातली आणि हळूच म्हणाली, "तुमी सांगू नका, पर मला ठाऊक हाय. ह्यांचाच डबा खरा व्हता. ह्यांनी मला त्यातलं दिलं, म्हनून मी हाय."

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला अजून सांगता येत नाही.