शिवणआत्या देवाला सांगून बसली

तिला सगळे शिवणआत्या म्हणत. नवे कपडे शिवायचे तिने कधीच सोडून दिले होते. जुने कपडे अंगाला बसते करून देणं हाच तिचा धंदा. कोण वाळलं, कोण सुटलं, कोणाला दिवस गेले, हे घरच्यांच्या आधी आत्याच्या टेपला कळायचं. कंबरेला टाचण्या लावून उभ्या केलेल्या माणसाला हलता येत नाही आणि मग त्याला गप्पही बसवत नाही. तोंडात टाचण्या धरलेली आत्या नुसतं 'हं' म्हणायची. तेवढ्यावर लोक मन मोकळं करून जायचे.

दुपारी दुकानात उन्हाचा तिरपा पट्टा पडे आणि त्यात कापडाची लव तरंगत राही. मशीनच्या घरघरीत आत्याची हमखास तंद्री लागायची. हात चालू, पाय चालू आणि बाई स्वतः भलतीकडेच, प्रभूशी गप्पा मारत बसलेली. ज्याची पँट सुईखाली, त्याच्यासाठी मागणं. या मास्तरांना रात्रीची झोप दे. हिच्या गुडघ्यांकडे जरा बघ रे बाबा. सगळं मनातल्या मनात, टिपेच्या तालावर. कधी कधी शिलाई संपून सुई रिकामीच चालायची, तरी हिचं बोलणं संपत नसे.

नवरा गेला त्या वर्षी रविवारी दुपारी ती आणि वरच्या मजल्यावरची नर्स, दोघीच दुकानाच्या खोलीत प्रार्थनेला बसू लागल्या. मग नर्सने मास्तरांना आणलं. मास्तरांच्या मागोमाग त्यांच्या सासूबाई आल्या, मास्तरांनी पुष्कळ टाळून पाहिलं तरी. खोली भरत गेली. मशीन भिंतीला लागायचं, माणसं कापडाच्या गठ्ठ्यांवर टेकायची आणि उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला इस्त्रीचं टेबल.

चर्चच्या पाळकसाहेबांना भारी कौतुक. "आपण पत्रकं छापू या," असं ते एकदा म्हणाले.

"पत्रक वाचतंय कोण साहेब?" आत्या म्हणाली. "माणसाची पँट सैल झाली की मी विचारते, जेवत का नाहीस म्हणून. मग तो येतो."

शेजारचा बेकरीवाला मात्र यायचा नाही. देवाधर्माचं नाव काढलं की त्याला भट्टीत काहीतरी काम आठवायचं. पण आत्याला तो बहीण मानायचा. तिचा नवरा गेला तेव्हा कितीतरी दिवस न बोलता सकाळी तिच्या दाराशी गरम पाव ठेवून जायचा. आत्याला जगात दुसरा भाऊ नव्हता.

तोच एकदा पँट आत घ्यायला आला. बरीच आत घ्यावी लागणार होती.

"दादा, हे काय झालं?"

बेकरीवाला भिंतीकडे बघत म्हणाला, "पोरगा बोटीवर नोकरीला नाही गं. तुरुंगात आहे. मारामारीत सापडला. हिला सांगितलं नाही मी. तो फोन का करत नाही म्हणून ही विचारते, मी म्हणतो भर समुद्रात फोन लागतो का?"

आत्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "माझ्या तोंडून कुठे जाणार नाही," ती म्हणाली, आणि ते अगदी मनापासून म्हणाली.

त्यानंतर काही दिवसांनी बेकरीवाली वहिनी पहिल्यांदा प्रार्थनेला आली. कितीतरी महिने आत्या तिच्या मागे लागली होती. आज वहिनी आलीच, म्हणून आत्याला आभाळ ठेंगणं झालं. ऊन पडलेलं, खोली गच्च, सगळ्यांचे डोळे मिटलेले. आत्या मोठ्याने प्रार्थना करू लागली आणि बोलता बोलता तिची ती नेहमीची तंद्री लागली. खोली विरघळली. माणसं विरघळली. ती आणि ऐकणारा, दोघंच उरले.

"आणि प्रभू, आमच्या दादाच्या पोराला तुरुंगात सांभाळ. त्याला कोणी मारू नये. आणि दादाला हे एकट्याने ओढायचं बळ दे."

डोळे उघडले तेव्हा सगळ्यांचे डोळे आधीच उघडलेले होते. वहिनी गठ्ठ्यावरून उठली, पदर नीट केला, चपला सावकाश घातल्या आणि गेली.

दुसऱ्या दिवशी आत्या बेकरीत गेली. बेकरीवाल्याने पाव ठेवला, सुटे पैसे ठेवले.

"दादा," आत्या म्हणाली.

"पुढे कोण आहे?" तो तिच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला.

मंडळीही पांगली. तिला कोणी तोंडावर काही बोललं नाही. मास्तरांचं डोकं दुखू लागलं, सासूबाईंचे पाय. आपण आत्याजवळ काय काय बोलून बसलोय, याची ज्याने त्याने मनात उजळणी केली असणार. पँटी समोरच्या गल्लीतल्या दुकानात जाऊ लागल्या. पाळकसाहेब म्हणाले, "थोडा वेळ जाऊ द्या." आत्या म्हणाली, "साहेब, लोक देवाला भीत नाहीत. मला भितात." आणि साहेबांसमोरच ती हमसून हमसून रडली. खोली रिकामी झाली याचं दुःख होतंच. पण दादाने आपल्याकडे बघू नये, हे तिला सोसवत नव्हतं. तिने मनाशी ठरवलं, यापुढे प्रार्थनेत तोंड उघडायचं नाही.

एका दुपारी वहिनी दुकानात आली. हातात तिचाच ब्लाउज होता.

"आत घ्या," ती म्हणाली आणि हात वर करून उभी राहिली.

आत्याने टेप लावला. "वहिनी, माझं चुकलं."

"चुकलंच. राग आहे माझा तुमच्यावर." वहिनीने नजर तरंगणाऱ्या लवेकडे वळवली. "वर्षभर मी काय मागत होते, ठाऊक आहे? समुद्र शांत ठेव. वारा सुटला की उठून बसायचे. आणि माझं पोरगं चार भिंतींत. वर्षभर माझं मागणं भलत्याच पत्त्यावर गेलं."

आत्या टाचण्या लावू लागली.

"घट्ट बसू दे जरा. भेटायला जायचंय. तिथे सैल कपड्यात गेले तर तो म्हणेल, आई वाळली."

"आणि दादा?"

"ते माझ्याशीही बोलत नाहीत," वहिनी म्हणाली.

रविवारी नर्स आली आणि वहिनी आली. तिघी नुसत्याच बसून राहिल्या. आत्याने ओठ घट्ट मिटले होते. बाहेर रस्त्यावर वर्दळ होती. अंगावर पीठ उडालेला बेकरीवाला दारात येऊन उभा राहिला, तो किती वेळ उभा होता कोण जाणे.

"बोल," तो आत्याला म्हणाला. "त्या दिवशी बोललीस ना, तसं त्याच्यासाठी बोल."

आत्याने मान हलवली. "नाही रे दादा. माझ्याच्याने आता नाही होत."

तो आत आला, गठ्ठ्यावर बसला. कडू औषध घेताना मूल मिटतं तसे त्याने डोळे मिटून घेतले.

"प्रभू, माझा मुलगा तुरुंगात आहे," बेकरीवाला म्हणाला. "भेटायला ये म्हणून तो निरोपावर निरोप धाडतो. मी गेलो नाही."

रस्त्यावरच्या दोघांनी वळून आत बघितलं. नर्स दार लावायला उठली, तर त्याने डोळे न उघडताच हात करून तिला थांबवलं.

"मी अजून एकदाही गेलो नाही," तो आणखी मोठ्याने म्हणाला.