व्हिएन्ना ते ब्रातिस्लावा, लोअर बर्थ

जिंतूर तालुक्यातल्या एका शेतकरी बाईला परभणीतल्या एका ट्रॅव्हल्सवाल्याने फसवलं. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण सरकारी कागदावर ते आज कुठेही नाही. नोकरीत शेकडो गुन्हे हाताळले, बहुतेक विसरलो. हा एक डोक्यातून उतरत नाही.

मी शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याची परीक्षा देऊन फौजदार झालो. त्या दिवशी सकाळची हजेरी आटोपून तपासाचे कागद चाळत होतो, तेव्हा बाई आल्या. एकुलती एक लेक व्हिएन्नात, जावई तिथेच नोकरीला. लेक गरोदर. डॉक्टरांनी पलंगावरून उठू नको म्हणून बजावलेलं आणि जावयाची ड्युटी रात्रीची. बाळंतपणाला आईने जायचं ठरलं होतं.

लेकीने रीतसर निमंत्रणपत्र पाठवलं होतं. त्यावर सरळ अर्ज करता आला असता. पण ट्रॅव्हल्सवाल्याला सहलीच्या आखणीचे वेगळे पैसे लावायचे होते. नुसतं लेकीकडे जाते म्हटलं तर व्हिसा मिळत नाही, पर्यटक दाखवावं लागतं, असं सांगून त्याने ते पत्र बाजूला ठेवलं. व्हिएन्ना, ब्रातिस्लावा, बुडापेस्ट असा रेल्वेप्रवास आखला आणि अर्जाला तिकिटं जोडली. त्याने बोट दाखवलं तिथे बाईंनी सह्या केल्या. वकिलातीने अर्ज फेटाळला, कारण जोडलेली तिकिटं बनावट होती.

"साहेब, मला कुठं त्या रेल्वेत बसायचं होतं? मला लेकीकडं जायचं होतं," बाई म्हणाल्या. "आता तिथं माझं नाव खोटारडी म्हणून लागलंय. तेवढं काढून द्या. पैशाचं मी काई म्हणत न्हाई."

मी तिकिटं पाहिली. रंगीत, नीटनेटकी. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. बाईंनी लेकीला व्हिडिओ कॉल लावला. ती उशीला टेकून बसली होती, चेहरा सुजलेला. मी व्हिएन्ना ते ब्रातिस्लावाचं तिकीट कॅमेऱ्यासमोर धरलं. रात्री निघून सकाळी पोचणारी गाडी, लोअर बर्थ.

पोरगी त्या अवस्थेतही हसली. "काका, इथून ब्रातिस्लावा म्हणजे आपलं परभणी ते नांदेड. तासाभरात माणूस पोचतंय. झोपायचं कवा?"

मग तिने विचारलं, "आईचं होईल ना काका?" मी होईल म्हणालो. असला शब्द द्यायला नको, हे मी नव्या पोरांना नेहमी शिकवायचो.

गुन्हा दाखल केला. एका रिक्षावाल्याने खबर दिली की ट्रॅव्हल्सवाला दुकानाचा बोर्ड उतरवून घेतोय. पथक पाठवून त्याला ताब्यात घेतलं.

पांढरा शर्ट, गोड जीभ. म्हणाला, तिकिटं मुंबईच्या एका माणसाने मेलवर पाठवली, मी फक्त प्रिंट काढली, माझीच फसवणूक झाली साहेब. मुंबईच्या माणसाचं नाव विचारलं तर आठवत नाही. मेल दाखव म्हटलं तर डिलीट झाला. मी तापट माणूस आहे. टेबलावर हात आपटून ओरडलो. तो आणखी नम्र झाला. ओरडणारे साहेब त्याने खूप पाहिले असावेत.

तेव्हा मी चहा मागवला. लहानपणी सोनपेठच्या बाजारात वडिलांबरोबर मिरची विकायला बसायचो. तिथे एक गोष्ट शिकलो. माणूस भावावर आला की बाकी सगळं विसरतो, आपण कुठे बसलोय हेसुद्धा.

म्हणालो, "जाऊ दे ते. मी निवृत्तीला आलोय. घरच्यांना युरोप दाखवायचाय. हीच तीन गावं. कितीला बसवतोस?"

त्याने आकडा सांगितला. मी हसलो आणि निम्म्यावर आलो.

"साहेब, एवढ्यात तर शेगावसुद्धा होत न्हाई," तो म्हणाला. खुर्ची त्याने पुढे ओढली होती.

मी म्हटलं, ब्रातिस्लावा काढून टाक. तो तयार होईना. मी म्हटलं, मग हॉटेलचे पैसे कमी कर. आता तो खरा रंगात आला. मला समजावायला लागला, जसं त्याने बाईंना समजावलं असेल.

"हॉटेल लागतच न्हाई ना साहेब. व्हिएन्नाहून रात्रीची गाडी देतो. झोपून जायचं, सकाळी दुसऱ्या देशात. एक मुक्काम वाचला. वहिनीला लोअर बर्थ, तुमाला साइड लोअर."

मी बाईंचं तिकीट त्याच्यापुढे सरकवलं. "तासाभराच्या वाटेला रात्रीची गाडी. मुंबईवाल्याला ही युक्ती तूच शिकवली का?"

त्याने तिकिटाकडे पाहिलं, मग चहाकडे. कधी परदेश न पाहिलेला माणूस. दुसरा देश म्हणजे रात्रभराचा प्रवास, हे त्याने गृहीतच धरलं होतं. खरं सांगायचं तर त्या पोरीचं ऐकेपर्यंत मीही धरलं होतं.

मग त्याने कबूल केलं, पण पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही. म्हणून पंच बोलावले, त्यांच्यासमोर त्याचं निवेदन घेतलं आणि त्यानेच दुकानातला कॉम्प्युटर उघडून फाइल काढून दिली. पूर्णेहून सुटणाऱ्या एका गाडीचं जुनं तिकीट, त्याच्यावर गावांची नावं बदललेली. पंचनामा पक्का केला.

तोवर लेक बाळंत झाली होती. शेजारची एक परकी बाई तिच्याजवळ होती. आईने नातवाचं पहिलं रडणं फोनवर ऐकलं. तरी मी म्हणालो, मावशी, दोषारोपपत्र गेलं की तिकिटं तुम्ही केली नाहीत असा दाखला देतो, पुन्हा अर्ज करा.

दोषारोपपत्र गेलंच नाही. ट्रॅव्हल्सवाल्याचे पाहुणे वरपर्यंत होते. तपास माझ्याकडून काढला आणि मला नियंत्रण कक्षात बसवलं. माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्याने बाईंना बोलावून पैसे परत केले आणि एका कागदावर सही घेतली. त्यांना वाटलं पावती आहे. त्यात लिहिलं होतं की तक्रार गैरसमजातून दिली. त्या आधारावर कोर्टात 'क' समरी, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल, गेली आणि मंजूर झाली. म्हणजे गुन्हा घडलाच नाही.

मी वरिष्ठांकडे दाखल्यासाठी गेलो. ते म्हणाले, गुन्हाच नाही तर दाखला कशाचा? आवाज चढला, माझाच. मला बाहेर काढलं. लबाडाशी सौदा जमला, कारण त्याला काहीतरी विकायचं होतं. या टेबलापलीकडच्या माणसाने आपलं आधीच विकून टाकलं होतं. तिथे माझी सगळी बाजारातली अक्कल वाया गेली.

परवा बाई घरी आल्या. "लेकरू चालायलंय साहेब," म्हणाल्या. "माझा कागद झाला का?"

मी पाणी दिलं. दुसरं काय देणार होतो?

समरीवर सही करणारे साहेब अजून नोकरीत आहेत, हे वाचतीलही. साहेब, ट्रॅव्हल्सवाल्याने काही केलं नाही, असं तुम्ही लिहून दिलंत. मग ती तिकिटं केली कोणी? जिला दस्तखत करायलाही दुसऱ्याचं बोट लागतं, त्या बाईने? तसं असेल तर तिला अटक करा. नसेल तर तिचा दाखला द्या. दोन्हीपैकी एक तुम्हाला करावंच लागेल, आणि उत्तर मला नको. जिंतूरला जा आणि तिच्या दारात उभं राहून तिला द्या.