एका शेताचे दोन विडे

आमच्या भागात आपले शेत वर्षभर दुसऱ्याला कसायला देणे म्हणजे ठेका. तो पाडव्याला ठरतो. कसणाऱ्याला घरी बसवायचे, चहा द्यायचा आणि शेवटी हातावर विडा ठेवायचा. विडा घेतला की पुढच्या पाडव्यापर्यंत शेत त्याचे. कागद मागणे असभ्य मानत.

कन्हानजवळचे आमचे शेत थोरल्या भावाचे आणि माझे, सामाईक. विडा देण्याचे काम वडिलांनी माझ्याकडे सोपवले होते. पत्नी गेल्यावर माझ्या शहरातल्या, हुडकेश्वरच्या घरी पाडव्याला न चुकता येणारा माणूस एकच, ते शेत कसणारा कास्तकार. तो दुपारपर्यंत बसे. पावसावर, बैलांवर बोले.

मागच्या पाडव्याला मी त्याला विडा दिला. त्याच दिवशी भावाने, मला न विचारता, एका ट्रॅक्टरवाल्याला दिला. पावसाळ्यात गुडघाभर आलेल्या कपाशीवर त्या ट्रॅक्टरवाल्याने नांगर फिरवला.

कास्तकाराने दावा लावला. शहरातल्या सदर भागातल्या त्याच्या वकिलांनी मला समजावले: तोंडी ठेका सिद्ध करायला साक्षीदार लागतो, आणि तो मीच. मी साक्ष देणार, हे भावाला आधी सांगावे म्हणून त्याच्याकडे गेलो. त्याने शांतपणे ऐकले.

“तुले भाऊ काहून पाहिजे गा? जाय, त्याच्या बैलालेच दादा म्हण.”

न्यायालयात समोरच्या वकिलांनी विचारले, विडा तर पाहुण्यालाही देतात ना? मी सांगितले की पाहुणा तो बसल्या जागी खातो. शेताचा विडा उभ्याने घेतात आणि न खाता घरी नेऊन कारभारणीच्या हाती देतात. मागच्या बाकावरून भाऊ उठून गेला.

शेत कास्तकाराकडे राहिले. कपाशी गेली ती गेलीच. भरपाईचा दावा अजून चालू आहे. भावाने वाटणी करून घेतली, ती मात्र कागदावर.

यंदा पाडव्याला मी पाने धुऊन, दोघांचा चहा ठेवून बसलो. कास्तकार दारातच उभा राहिला. हातात स्टॅम्प पेपर होता.

“गुरुजी, वकीलसाहेब म्हणते, यंदा लिहूनच घ्या लागते.”

त्याचे बरोबर होते. मी माझ्या वाट्याच्या शेताचा मजकूर नीट वाचून सही केली. बसा म्हटले, तर तो म्हणाला, “वकीलसाहेब वाट पाहून राहिले, गुरुजी.”

मी विड्याचे तबक घेऊन बाहेर येईपर्यंत तो फाटकापाशी पोचला होता. हाक मारली असती तर परतला असता. पण ठेका झाला होता. हाक कशासाठी मारायची, ते मला सुचले नाही.