असत्याच्या घरावरची सोंगटी

अहमदपुरात चंद्रप्रभाबाईंच्या हाताखालून गेलेलं पोर खोटं बोलताना आजही चाचरतं. एकतीस वर्षं बाईंनी प्राथमिक शाळेत शिकवलं आणि दर एकादशीला घरी मोक्षपट, म्हणजे जुनी सापशिडी, मांडून गल्लीतली मुलं खेळवली. कापडी पट, सहा कवड्या, घराघरावर पापपुण्याची नावं. नियम कडक: साप गिळेल त्यानं त्या नावाचं स्वतःचं पाप मोठ्यानं सांगायचं, मगच सोंगटी खाली आणायची. स्वतःवर वेळ आली की बाई मात्र उपासाला चोरून शेंगदाणे खाल्ल्याचं सांगून मोकळ्या व्हायच्या.

या घरची आणखी एक रीत होती. वर्षश्राद्धाची जेवणं झाली की गेलेल्या माणसाच्या नावची सोंगटी पटावर ठेवायची. ती वैकुंठाच्या शेवटच्या घराला पोचेपर्यंत पट गुंडाळायचा नाही, आणि साप लागला तर त्याचं पाप घरच्यांनी सांगायचं. यंदा पाळी बाईंच्या यजमानांची, वसंतरावांची होती. त्यांच्या वतीनं आठ वर्षांची नात मुग्धा कवड्या टाकत होती. सोबतीला बाईंची स्वतःची सोंगटी होती. शेजारी वसंतरावांचे थोरले भाऊ श्रीनाथ बसले होते. एकोणीस वर्षांपूर्वी आईच्या मातीला आले, त्यानंतर उमरीहून ते आजच या घरात आले होते.

वसंतरावांची सोंगटी असत्याच्या सापावर आली. शुगर वाढली नाही म्हणत पेढे खायचे, असं बाईंनी सांगितलं. श्रीनाथही हसले.

दुसऱ्या फेरीत दानं वेगळी पडली, तरी सोंगटी त्याच घरावर. बाईंनी आणखी एक किरकोळ लबाडी काढून दिली. तिसऱ्या फेरीला त्यांनी कवड्याच बदलल्या. आता चार पडले की पुन्हा तेच घर. तीन कवड्या उताण्या पडल्या, दोन पालथ्या, आणि एक पटाच्या घडीला टेकून उभी राहिली. पंखा बंद होता. कुणी हात लावला नव्हता. ती कवडी सावकाश कलली आणि उताणी झाली.

हसायचं आता कुणाला सुचलं नाही.

"आजी, आजोबा काय खोटं बोलले होते?" मुग्धानं विचारलं.

खरं सांगावं तर नवऱ्याच्या श्राद्धालाच त्याच्या नावाला काळिमा, आणि इतक्या वर्षांनी आलेला दीर कायमचा तुटणार. न सांगावं तर नवरा इथंच अडकून राहणार. याबद्दल बाईंच्या मनात आता शंका उरली नव्हती.

"दादा, आई शेवटच्या दिवशी तुम्हाला बोलवा म्हणून यांच्या मागं लागल्या होत्या. यांनी सांगितलं, फोन केला, दादा येत न्हाई म्हणतोय. फोन केलाच नव्हता. सेवा मी करायची अन् नाव थोरल्याचं, हे यांच्या मनात लई बसलं होतं. मी तिथंच उभी होते."

श्रीनाथांनी पटाकडे बघतच विचारलं,

"आई काय म्हणली?"

"म्हणल्या, कामात असंल लेकरू. अन् भिंतीकडं तोंड केलं."

श्रीनाथांनी उपरण्यात तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलायला लागले.

मुग्धानं आजोबांची सोंगटी खाली आणली. मग तिचं बोट आजीच्या सोंगटीवर गेलं. ती वैकुंठापासून दोनच घरं लांब होती.

"आजी, तू पण गप्प बसलीस नं," ती म्हणाली, आणि तिनं ती उचलून सापाच्या शेपटीशी, आजोबांच्या शेजारी ठेवली. बाईंनी ती परत वर नेली नाही.