ब्राउनीला स्वेटर

सासूबाई गेल्या त्या वर्षी सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे इंग्लंडात मिल्टन कीन्सला आले. मी आणि नवरा दोघेही आयटीत. सकाळी निघायचो ते संध्याकाळीच परत. या राउंडअबाउटांच्या गावात हा माणूस दिवसभर करणार काय, या काळजीने मी भारतात फोन करायच्या कॉलिंग कार्डांची चळत आणून ठेवली होती. बाबांनी तिला हातही लावला नाही. आठवड्याभरात त्यांची शेजारच्या आजींशी गट्टी जमली होती.

आजी मूळच्या स्कॉटलंडच्या, बाबा कोकणातले. कुंपणाच्या अलीकडून वेताळ, मुंजा आणि देवचार जायचे, पलीकडून केल्पी आणि सेल्की यायच्या. केल्पी म्हणजे पाण्यातला घोडा. माणसाला पाठीवर घेतो आणि तळ्यात बुडवतो. हे कळल्यापासून बाबा कालव्यावर फिरायला गेले की एकट्या उभ्या घोड्याला लांबून नमस्कार करून वाट बदलत. सेल्की म्हणजे सीलची कातडी उतरवून बाई होणारी. नवरा ती कातडी लपवतो, म्हणून तिला समुद्रात परतता येत नाही. "पासपोर्ट काढून घेतला म्हण की," बाबांनी निकाल दिला.

पण त्यांचा लाडका होता ब्राउनी. खायचा नव्हे. हा घरात लपून राहतो, बुटका आणि केसाळ, आणि कोणी बघत नसताना कामं उरकतो. त्याला वाटीभर दूध ठेवायचं, आभार मानायचे नाहीत, आणि कपडे तर मुळीच द्यायचे नाहीत. कपडे दिले की तो घर सोडतो, कायमचा. बाबांनी ही गोष्ट मला जेवताना तीनदा सांगितली.

मग एके संध्याकाळी घरी येते तर सकाळची भांडी लख्ख.

"बाबा, कोणी घासली?"

"मला काय ठाऊक? ब्राउनी आला असेल." पेपरातून मान वर नाही. शर्टाच्या बाह्या ओल्या.

माझी पंचाईत झाली. सासऱ्यांना भांडी घासायला लावते म्हणून अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात माझा बभ्रा झाला असता. आणि खरं सांगायचं तर मला ती घासलेली भांडी फार हवी होती. तेव्हा अळीमिळी गुपचिळी. मी रोज सकाळी ओट्यावर वाटीत दूध ठेवू लागले, चमचाभर साखर घालून. संध्याकाळी वाटी रिकामी. बाबांच्या डायबेटिसचा विचार करून मी साखर अर्धी केली, तर ब्राउनीने दूधही अर्धंच प्यायलं.

दिवाळी आली. दिवाळीला थोरांना नवे कपडे द्यायचे, यात विचार करण्यासारखं असतं तरी काय? मी चांगला लोकरी स्वेटर आणला, बाबांना कुंकू लावलं, पाया पडून त्यांच्या हातात ठेवला. "छान आहे," ते म्हणाले. घडी मोडली नाही.

दुसऱ्या दिवशी भांडी सिंकमध्ये तशीच. तिसऱ्या दिवशीही. वाटीतल्या दुधावर साय धरलेली. बाबांना बरं नाही की काय, असं मनात येतंय तोच चौथ्या दिवशी नवऱ्याचा त्याच्या ऑफिसातून फोन: "बाबा पुढच्या आठवड्याचं तिकीट कर म्हणतायत. तू काही बोललीस का?"

"मी कशाला बोलू? मी तर त्यांना स्वेटर..." म्हणता म्हणता मला ब्राउनी आठवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी हाफ डे टाकून घरी धावले. बाबांची बॅग पलंगावर उघडी होती आणि सगळ्यात वर तो स्वेटर.

"बाबा, अहो, ती नुसती गोष्ट आहे!"

"ते मला कळतं. खुळा नाही मी. पण गोष्ट तुलाही माहीत होती ना? म्हटलं, तोंडाने कशी सांगेल बिचारी. म्हणून कपडे दिलेस." त्यांनी स्वेटरची घडी सारखी केली. "तिकडे तरी आता कोण आहे म्हणा. पण लोचटासारखं राहू नये माणसाने."

मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. आयुष्यात पहिल्यांदाच मी सासऱ्यांवर ओरडले. "तुम्ही जावं असं वाटलं असतं तर मी तोंडानेच सांगितलं असतं! भांडी तुम्ही घासता हे मला पहिल्या दिवसापासून माहितीये. ऑफिसातून आलं की घरात दिवा लागलेला असतो, कोणीतरी असतं, हे मला आवडतं. भांडीही आवडतात. पण ती नाही घासलीत तरी राहा. मला तुम्ही हवे आहात."

बाबा बराच वेळ बॅगेची चेन मागेपुढे करत राहिले.

"मग एक सांगू?"

"सांगा."

"कढई तुला नीट घासता येत नाही. तू घासलेली मी रोज परत घासतो."

खाली येऊन आम्ही दोघांनी मिळून तो तीन दिवसांचा ढीग उपसायला घेतला. फराळाच्या तळणीची कढई त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली. तेवढ्यात नवरा आला आणि दारातच थबकला.

"बाबा! तुम्ही भांडी घासताय?"

"घासतोय. पाहुणा होतो तोवर तुला काही बोललो नाही," बाबा म्हणाले. "ते फडकं घे आणि पुसायला लाग."